हंशा आणि हंसें

विनोद सांगणारा मनुष्य पडला म्हणजे तो किती जोरानें पडतो, हें मला ठाऊक आहे. कारण मी याच शाळेच्या सभागृहांत, विद्यार्थी, गुरुजन व पालक अशा तिहेरी साक्षीनें पडलों आहें. सन २०१८ चा डिसेंबर महिना होता व मी इयत्ता नववींत होतों. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेंत लेझीम व समूहगीत यांच्या मध्यें 'विनोदी किस्से' या सदराखालीं माझें नांव छापलें होतें. वर्गांत बाकाखालीं तोंड घालून मी निरनिराळ्या गुरुजींच्या आवाजाची नक्कल करीत असें, तीवर मित्र लोटपोट होत, आणि तेवढ्या भांडवलावर मीं हा व्यापार मांडला होता. मोबाइल फोनवर फिरत असलेले अकरा विनोद मीं वहींत उतरून घेतले, ते घोकले, आणि चुलतभावाचा कोट अंगांत घालून रंगमंचावर आलों.

पहिल्या विनोदांतील प्रश्न मीं विचारला मात्र, पुढल्या रांगेंत बसलेल्या पांचवीतल्या एका चिमुरड्यानें त्याचें उत्तर खणखणीत आवाजांत देऊन टाकलें. हंशा पिकला, पण तो त्या मुलाला मिळाला. दुसरा विनोद सभागृहानें माझ्याबरोबर सामुदायिक रीतीनें म्हटला. तिसऱ्याला कोणीच कांहीं बोललें नाहीं, आणि छतावरच्या पंख्यांचा आवाज मीं त्या दिवशीं प्रथमच लक्ष देऊन ऐकला. चौथ्यानंतर मीं नमस्कार केला. उरलेले सात आजहि त्या वहींत आहेत.

मराठीचे गुरुजी दुसऱ्या दिवशीं माझ्यावर रागावले नाहींत. त्यांनीं ती वही मागून घेतली, सगळी वाचली आणि विचारलें, "यांत बेडसे कोठें आहे?"

मला प्रश्नच कळला नाहीं.

"तूं बेडशाचा ना? रोज कामशेतहून गाडीनें येतोस, पावसाळ्यांत गुडघाभर चिखल तुडवितोस. या अकरा विनोदांत एक तरी माणूस तुझ्या गांवचा आहे काय?"

एकहि नव्हता. त्यांतील बंड्या, त्याचे मास्तर, त्याचा शेजारी, ही सर्व मंडळी कोणत्याच गांवची नव्हती. म्हणूनच कीं काय, ती सगळ्यांच्या आधींच ओळखीची होती.

गुरुजींनीं ग्रंथालयांतून मला कांहीं पुस्तकें काढून दिलीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' मला, खरें सांगावयाचें तर, पचले नाहींत. एकेक वाक्य पुन्हां वाचावें तेव्हां त्यांतील कोटी दिसे, आणि तोंवर हंसण्याची वेळ टळून जाई. गडकऱ्यांचा बाळकराम त्या मानानें मोकळा वाटला. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पमधील एका शाळेचे मुख्याध्यापक होते हें कळल्यावर मला विलक्षण धीर आला. ज्या माणसानें १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' काढून मोठमोठ्या कवींची टोपी उडविली, तो शाळेच्या शिस्तीचाहि रखवालदार होता तर! परंतु माझें मन बसलें तें चिंतामण विनायक जोशी यांच्या चिमणरावांवर. हा गृहस्थ दुसऱ्याला हंसत नाहीं. आपली फजिती साळसूदपणें सांगत सुटतो, आणि आपण फजीत झालों आहोंत याचा त्याला स्वतःला पत्ताच नसतो. पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ सालीं 'बटाट्याची चाळ' एकट्यानेंच रंगमंचावर उभी केली, हेंहि मला त्याच वेळीं समजलें. एक मनुष्य आणि सबंध चाळ! मला तर चार विनोद उभे करतां आले नव्हते.

माझ्या आजोबांना यांपैकीं एकहि नांव ठाऊक नव्हतें. विनोद म्हटला कीं त्यांच्या तोंडीं एकच नांव येई: दादू इंदुरीकर. इंदुरी हें आमच्याच मावळ तालुक्यांतलें, तळेगांवाजवळ इंद्रायणीकांठचें गांव. हे मूळचे तेथलेच. गांवाच्या नांवानेंच उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. 'गाढवाचं लग्न' या वगांतला त्यांचा सावळ्या कुंभार पाहण्यासाठीं लोक रात्र जागवीत, आणि १९७३ सालीं संगीत नाटक अकादमीनें तमाशाकरितां त्यांचा गौरव केला. तमाशांतील बतावणी मीं कधीं नीट पाहिली नव्हती. ती आजोबांनीं मला ओसरीवर करून दाखविली. सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या त्यांतला एकच शब्द उचलतो आणि भलत्याच वाटेनें पळतो. सरदार त्याला ओढून आणतो, तो पुन्हां पळतो. यांतलें पुष्कळसें कोणी लिहून दिलेलें नसतें. "चांगला सोंगाड्या दुपारीच गावात येऊन चावडीवर बसायचा," आजोबा म्हणाले, "आन् रात्री आमच्याच गावचं आम्हाला सांगायचा. आपलंच असून आपल्याला नवं वाटायचं."

तेव्हां मीहि वही घेऊन पारावर बसूं लागलों.

आमच्या गांवीं सातवाहनांच्या काळांत कोरलेलीं लेणीं आहेत हें वाचकांपैकीं पुष्कळांस माहीत असेल. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक यानें दिलेल्या दानाची नोंद तेथें ब्राह्मी लिपींत कोरलेली आहे. कार्ल्याला आणि भाज्याला जत्रेसारखी गर्दी असते; आमच्याकडे त्या मानानें थोडेच लोक वळतात, आणि जे वळतात ते पारावर थांबून वाट विचारतात. हाच माझा पहिला मासला होता. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थानें मोटारीची कांच खालीं करून माझ्या आजोबांना विचारलें, "बाबा, लेणीं अजून किती लांब?" आजोबा म्हणाले, "दोन हजार वर्सं झाली, तिथंच हायती. तुमी दमानं जावा." हा विनोद मीं केला नाहीं, मीं फक्त तो खालीं पडूं दिला नाहीं. पुढें ध्यानांत आलें कीं निम्मी विद्या यांतच आहे.

दुसरी निम्मी मात्र फार चिकाटीची निघाली. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी लिहिली तर ती मरते. आरंभीं मी लिहीत असें: "एकदां काय झालें, आमच्या शेजारचे काका, जे पूर्वीं गिरणींत कामाला होते, ते सकाळीं उठले..." गिरणीचा गोष्टीशीं कांहीं संबंध नसे, सकाळीं उठण्याचाहि नसे. एकेक शब्द खोडतां खोडतां पानावर चार ओळी उरत, आणि त्या चार ओळींत हंसविणारा शब्द बहुधा मध्येंच कोठें तरी दडून बसलेला असे. त्याला हाताला धरून अगदीं शेवटीं आणून बसवावें लागे. कारण तो शब्द उच्चारल्यानंतर तुम्ही आणखी कांहीं बोललांत, तर ऐकणारा हंसूं कीं ऐकूं या पेंचांत पडतो, आणि शहाणा असल्यामुळें ऐकतो. पायऱ्यांवरचा माझा विनोद असा तीनदां कापला. लेण्यांपर्यंत सुमारें चारशें पायऱ्या आहेत. शेवटीं त्याचें रूप असें झालें: "आमच्या लेण्याच्या पायऱ्या डोळ्यांनीं मोजल्या तर चारशें, गुडघ्यांनीं मोजल्या तर आठशें." एवढ्यासाठीं मीं तीन संध्याकाळ घालविल्या, हें ऐकून आईनें कपाळावर हात मारला.

सराव मी लेण्यांतच करीत असें. रविवारीं पहाटे निघालें कीं सूर्य वर येण्याच्या सुमारास चैत्यगृहापाशीं पोंचतां येई. तोंडाशींच प्रचंड खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं. सकाळचें कोंवळें ऊन समोरून आंत येतें, तेव्हां त्या जोडप्यांच्या मुखावर अशी कांहीं प्रसन्नता दिसते कीं आतां हंसतील, मग हंसतील. तीं हंसलीं नाहींत. परंतु आंतल्या कमानदार छतानें मला एक गोष्ट शिकविली. घाईनें बोललेलें वाक्य तेथें घुमून पुढल्या वाक्यावर आदळे व दोन्हीं नासत. म्हणून पहिलें विरेपर्यंत मला थांबावें लागे. एके दिवशीं मी ऐन रंगांत आलों असतां शेवटचा शब्दच विसरलों, आणि स्तूपाकडे पाहून मोठ्यानें म्हटलें, "माफ करा, उद्यां सांगतों." पाठीमागून खो-खो हंसण्याचा आवाज आला. तेथील पहारेकरी केव्हांपासून ऐकत होते. माझें लिहिलेलें सगळें त्यांनीं मुकाट्यानें सोसलें होतें, आणि न लिहिलेल्या एका वाक्याला ते हंसले! तें वाक्य मीं त्याच दिवशीं वहींत घेतलें, पण पुन्हां तें कधीं साधलें नाहीं.

आतां ज्या विनोदासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळतों.

माझे वडील, म्हणजे आबा, मुंबईंत डबे पोंचविण्याचें काम करतात. सन १८९० मध्यें महादू हावजी बच्चे यांनीं सुरूं केलेल्या या व्यवसायांत मावळ, खेड, जुन्नर या भागांतलीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरोघरचा डबा उचलावयाचा, स्टेशनांत निवडावयाचा, गाडींत चढवावयाचा, पुन्हां निवडावयाचा, भरल्या डब्यांची लांब पाटी डोक्यावर घेऊन धावावयाचें, आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वीं ज्याचा त्याला द्यावयाचा; दुपारीं हाच प्रवास उलटा. हें सर्व झाकणावर रंगानें काढलेल्या खुणांवर चालतें. कोणत्या स्टेशनांतून निघाला, कोठें उतरावयाचा, कोणती इमारत, कितवा मजला, सारें त्या टीचभर पत्र्यावर. आबांची शाळा दुसरींत सुटली. वर्तमानपत्र त्यांना वाचतां येत नाहीं, पण झाकण ते धावतां धावतां वाचतात. इंग्लंडचे तेव्हांचे युवराज चार्ल्स २००३ सालीं चर्चगेटला डबेवाल्यांना भेटून गेले. आबांनीं त्यांना पाहिलें नाहीं. ते त्या वेळीं डबे पोंचवीत होते.

चैत्रांत गांवोगांवच्या जत्रांसाठीं हे लोक चारपांच दिवस काम बंद ठेवून घरीं येतात. तसे आबा २०१९ च्या एप्रिलमध्यें आले आणि आम्ही सगळे पवन मावळांतील माझ्या आजोळीं जत्रेला गेलों. रात्रीं तमाशा होता. लोक बसले, लहान मुलें पेंगूं लागलीं, आणि निरोप आला कीं तमाशाची गाडी वाटेंत बंद पडली आहे. मामा पंचमंडळांत होते. त्यांनीं मला दंडाला धरून उठविलें, ध्वनिक्षेपक हातांत दिला आणि म्हणाले, "भाच्या, तवर काय तरी बोल. लई बोलतोस घरात."

मी बोललों. दोन हजार वर्षांचा विनोद सांगितला, हंशा आला. गुडघ्यांचा सांगितला, बायकांच्या बाजूनें अधिक आला. फोनमधल्या नकाशावर विसंबून एक मोटार सरळ आमच्या गोठ्यांत आली व म्हशीनें तिला जागा करून दिली, तो सांगितला. एक म्हातारबुवा तर डोळे पुसूं लागले. वाचकहो, आपल्या शब्दानें पांचशें माणसें एका क्षणीं हंसतात तेव्हां काय होतें, हें मला सांगतां येणार नाहीं. एवढें मात्र सांगतों कीं त्या वेळीं आणखी हंशा हवासा वाटतो, आणि तो कोणाच्या खर्चानें यावयाचा हा हिशेब डोक्यांतून निघून जातो. वहींत एक विनोद होता. त्याच्यावर मीं स्वतःच फुली मारून ठेवली होती. तो मीं काढला.

"माझ्या सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांत भूगोलाच्या गुणांखालीं लाल रेघ होती. मीं तें आमच्या आबांच्या हातीं दिलें. आबांनीं नीट न्याहाळलें आणि विचारलें, 'पोरा, हा लाल म्हंजी कुठल्या ठेसनाचा रं?'"

मांडव कोसळतो कीं काय असें वाटलें. मागून कोणी ओरडलें, "अहो जावई, सांगा की! कुठलं ठेसन?" आबा त्यांच्या सासरवाडीच्या माणसांत, सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांनीं टोपी काढली, झटकली, पुन्हां घातली. हंसले. मला तेव्हां तें हंसणें सगळ्यांसारखेंच वाटलें. तासाभरानें तमाशा सुरूं झाला तेव्हां ते तेथें नव्हते.

सकाळीं आम्ही दोघेच एस. टी. च्या रस्त्याकडे चालत निघालों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

"लाल म्हंजी काय, ते मला ठावं हुतं," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहूं लागलों. खरी गोष्ट अशी होती कीं तें प्रगतिपुस्तक मीं त्यांना दाखविलेंच नव्हतें. तें हरवलें होतें. शाळेंतून दुसरें मागून घेऊन त्यावर मीं आईची सही घेतली होती. 'ठेसन' मीं रचलें होतें.

"दिवाळीत तुझ्या पिशवीच्या तळाला गावलं. मी मुंबईला नेलं. आमच्यात एक शिकल्यालं पोरगं हाय, त्यानं वाचून दावलं. भूगोलात बावीस."

"मग मला बोललां कां नाहीं?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो."

रस्ता आला. एस. टी. ला अवकाश होता. आबांनीं पिशवी खालीं ठेवली व तिच्याकडेच पाहत म्हणाले, "कालचा डबा बरोबर पोचला. समदी हासली. पर झाकण उघडंच ऱ्हायलं."

त्यानंतर कांहीं महिने मीं एकहि विनोद लिहिला नाहीं. सोडून द्यावें असेंहि मनांत आलें. पण खरें सांगतों, मांडवांतला तो हंशा कानांतून जाईना, आणि तो जात नाहीं याचीच लाज वाटे. गुरुजींना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "लाल रेघ कोणाच्या गुणांखालीं होती? मग हंसें कोणाचें व्हावयास पाहिजे होतें?" एवढेंच बोलून ते दुसऱ्या वर्गावर गेले. मला चिमणराव आठवले. मीं विनोद उलटा करून पाहिला: नापास मीं व्हावयाचें, थापहि मींच मारावयाची, आणि फसावयाचें कोणी नाहीं. पण शेवटचा शब्द कांहीं केल्या सांपडेना.

तो २०१९ च्या दिवाळींत सांपडला. आबा भाताच्या पेंढ्या बांधीत होते. मीं जवळ बसून, धीर करून, तो नवा विनोद अर्ध्यापर्यंत सांगितला: "मीं म्हटलें, आबा, फार हुशार मुलांच्याच गुणांखालीं लाल रेघ मारतात. मग तुम्ही..." येथें मी अडलों. आबांनीं पेंढी आवळली, गांठ मारली, आणि मान वर न करतां म्हणाले, "मग पोरा, हा डबा चुकून आपल्या घरी आलाय. ज्याचा असंल त्याला नेऊन दे."

मी पोट धरधरून हंसलों. हेंहि कधीं घडलेलें नव्हतें. पण तें आतां आबांनीं घडविलें होतें. मीं विचारलें, "हें शाळेंत सांगूं?" ते म्हणाले, "माझंच हाय. सांग."

जानेवारी २०२० मध्यें, मी दहावींत असतां, याच सभागृहांत पुन्हां उभा राहिलों. पालकांना निमंत्रण होतें. एक दिवसाची बदली माणसाला देऊन आबा मुंबईहून आले होते व तिसऱ्या रांगेंत पांढरी टोपी घालून बसले होते. या वेळीं कोट नव्हता. पारावरचे आजोबा आले, म्हैस आली, आणि अखेरीस प्रगतिपुस्तक आलें. शेवटच्या वाक्यापाशीं माझा घसा कोरडा पडला व तें मीं एका दमांत बोलून टाकलें. हंशा आला, चांगला आला. एका मातोश्रींनीं मागें वळून आबांच्या टोपीकडे पाहिलें. आबा समोर पाहत होते, आणि त्यांचे ओंठ तें वाक्य माझ्याबरोबर म्हणत होते.

(येथें भूगोलाविषयीं एक गोष्ट सांगून टाकतों, कारण तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें दहावीचा भूगोलाचा पेपर सबंध राज्यांत रद्द झाला, आणि इतर विषयांच्या सरासरीनें त्याचे गुण मिळाले. असा विनोद मला लिहितां आला नसता. त्याच सांथींत मुंबईची लोकल थांबली, डबे थांबले, आणि आबा महिनेच्या महिने घरीं बसून राहिले. त्यावर मात्र मीं अजून कांहीं लिहिलेलें नाहीं.)

संमेलनाच्या रात्रीं आम्ही कामशेत स्टेशनांत उतरलों तेव्हां फलाटावर थंडी झोंबत होती. आबांनीं मफलर कानांवरून घेतला. मी वाट पाहत होतों कीं ते कांहीं म्हणतील. जिना चढून पलीकडे उतरेपर्यंत ते बोलले नाहींत. मग थांबून म्हणाले, "त्या डब्याच्या बोलाआधी जरा थांबत जा. गाडी हुबी ऱ्हायल्याबिगर कुनी डबं उतरवीत न्हाय."